हाँगकाँगची विद्यार्थी आंदोलनं आणि दुभंगलेलं जनमत: आकडे जुळत नाहीत, कसे वाचायचे?

प्रश्न: मेघना_वाचते

आमच्या अभ्यासमंडळात हाँगकाँगच्या २०१४ च्या छत्री आंदोलनावर आणि २०१९ च्या आंदोलनावर टिपण मांडायचं आहे. विषय असा: विद्यार्थ्यांनी पुढे होऊन लोकशाहीची मागणी केली, तेव्हा बाकीचा समाज नेमका कुठे उभा होता? वाचन बरंच झालंय, पण आकडे एकमेकांशी भांडतात.

ऑक्टोबर २०१४ मध्ये हाँगकाँगमधल्याच चायनीज युनिव्हर्सिटीच्या पाहणीत आंदोलनाला पाठिंबा ३७.८ टक्के आणि विरोध ३५.५ टक्के. महिन्याभराने त्याच विद्यापीठाच्या पाहणीत ६७ टक्के लोक म्हणतात, सगळे रस्ते मोकळे करा. आंदोलनविरोधी आघाडी म्हणते, आमच्याकडे १८ लाख सह्या आहेत. त्याच वर्षी जूनमध्ये अनौपचारिक सार्वमतात सुमारे ७ लाख ९० हजार लोकांनी मत दिलं होतं. २०१९ मध्ये १६ जूनच्या मोर्चाला आयोजकांच्या मते जवळपास २० लाख लोक होते, पोलिसांच्या मते ३ लाख ३८ हजार.

यातला कुठला आकडा धरायचा आणि कुठला सोडायचा? की "जनमत विभागलेलं होतं" एवढं लिहून पुढे जायचं?

उत्तर १: नमुना_आणि_नेम

एवढं लिहून पुढे जाऊ नका, कारण सगळा विषय त्याच वाक्यात आहे. तुम्ही दिलेले आकडे बहुतेक एकमेकांना खोडत नाहीत. ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. टिपणाच्या सुरुवातीलाच तीन प्रश्न सुटे करा: मागणी मान्य आहे का, मार्ग मान्य आहे का, आणि आता थांबावं का. समाज या तिन्हींवर दुभंगला होता, पण प्रत्येक वेळी फट वेगळ्या ठिकाणी होती.

चायनीज युनिव्हर्सिटीच्या चार पाहण्या एकाखाली एक मांडा (आधी पाठिंबा, मग विरोध):

सप्टेंबर २०१४: ३१.१ आणि ४६.३
ऑक्टोबर: ३७.८ आणि ३५.५
नोव्हेंबर: ३३.९ आणि ४३.५
डिसेंबर: ३३.९ आणि ४२.३

पहिली खबरदारी तारखेची. सप्टेंबरची पाहणी ठिय्या सुरू होण्याआधीची आहे. तेव्हा लोक एका योजनेबद्दल मत देत होते, डोळ्यांसमोरच्या गोष्टीबद्दल नाही. मधे २८ सप्टेंबर आला. पोलिसांनी अश्रुधुराची ८७ नळकांडी फोडली आणि छत्र्या उघडून धूर अडवणारी मुलं घराघरांत टीव्हीवर दिसली. ऑक्टोबरचा आकडा त्यानंतरचा. म्हणून "सप्टेंबर ते ऑक्टोबर पाठिंबा वाढला" हे वाक्य "अश्रुधुरानंतर वाढला" असं लिहा, नाहीतर कारण हरवतं.

दुसरी खबरदारी नमुन्याची. या टेलिफोन पाहण्या होत्या, वय १५ च्या पुढचे कँटोनीज बोलणारे रहिवासी, दर वेळी साधारण ८०० ते १००० जण. १००० जणांच्या नमुन्यात एका टक्केवारीची चूकमर्यादा (खरा आकडा किती वर-खाली असू शकतो ते) सुमारे ३.१ टक्के येते, ८०० ला ३.५. पण दोन महिन्यांमधला फरक तपासताना ही मर्यादा जशीच्या तशी वापरून चालत नाही. दोन्ही नमुन्यांची चूक एकत्र येते आणि फरकाची मर्यादा साडेचार टक्क्यांच्या आसपास जाते. या मापाने बघा:

पाठिंबा ३१.१ वरून ३७.८: फरक ६.७. खरा बदल.
पाठिंबा ३७.८ वरून ३३.९: फरक ३.९. मर्यादेच्या आत. पाठिंबा घसरला असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.
विरोध ३५.५ वरून ४३.५: फरक ८. नक्की वाढ.

ऑक्टोबरमधले ३७.८ आणि ३५.५ एकाच नमुन्यातले आहेत. तिथे फरकाची मर्यादा आणखी रुंद, सहाच्या जवळ. त्यामुळे "ऑक्टोबरमध्ये बहुमत विद्यार्थ्यांच्या बाजूने होतं" हे वाक्य दोन्ही अंगांनी चूक आहे. ३७.८ हे बहुमत नाही आणि २.३ ची आघाडी ही आघाडी नाही. बरोबरी होती असं लिहा.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो या तक्त्यात न छापलेला रकाना. शंभरातून दोन्ही आकडे वजा केले की मधले उरतात: सप्टेंबरमध्ये २२.६, ऑक्टोबरमध्ये २६.७, नोव्हेंबरमध्ये पुन्हा २२.६. यात "अर्धं अर्धं" म्हणणारेही आले आणि न सांगणारेही. पाठीराखे मोठ्या संख्येने फिरले याला भक्कम पुरावा नाही. ठिय्या लांबला तसा मधला माणूस विरोधाकडे सरकला, हे वाचन या आकड्यांशी जास्त जुळतं. एक मात्र खरं, दर महिन्याला वेगळी माणसं विचारली जात होती. कोण कुठून कुठे गेलं हे अशा पाहणीतून थेट दिसत नाही, त्यामुळे "सूचित होतं" एवढंच लिहा.

आता ते ६७ टक्के. तो "थांबावं का" या प्रश्नाचा आकडा आहे, "पाठिंबा आहे का" याचा नाही. नोव्हेंबरमध्ये विरोध ४३.५ आणि रस्ते मोकळे करा म्हणणारे ६७. म्हणजे विरोधक सगळेच्या सगळे हो म्हणाले असं धरलं तरी वीसेक टक्के उरतात. ते मधल्यांतून आले, किंवा खुद्द पाठीराख्यांतून. मागणी बरोबर आहे पण मुलांनी आता घरी जावं, असं मानणारा मोठा गट शहरात होता. सरकारी बाजूने त्याला आपला म्हणून मोजलं, आणि आंदोलनाच्या बाजूने त्याची फारशी दखल घेतली नाही.

उत्तर २: चौकातला_माणूस

वरचं गणित पटतं, पण मधला माणूस का सरकला हे टिपणात आलं नाही तर ते हवेत राहील.

मागणी आधी नीट मांडा. ३१ ऑगस्ट २०१४ ला बीजिंगमधल्या स्थायी समितीने (चीनच्या संसदेच्या) ठरवलं की २०१७ मध्ये मुख्य कार्यकारी पदासाठी, म्हणजे हाँगकाँग सरकारच्या प्रमुखपदासाठी, सर्वांना मत देता येईल, पण उमेदवार दोन किंवा तीनच, आणि प्रत्येकाला १२०० जणांच्या नामनिर्देशन समितीतल्या निम्म्याहून अधिकांचा पाठिंबा हवा. विद्यार्थ्यांचं म्हणणं होतं की चाळणी आधीच लावली तर मताला अर्थ काय. २२ सप्टेंबरला विद्यापीठांतल्या मुलांनी वर्गांवर बहिष्कार टाकला, २६ ला शाळकरी मुलंही उतरली, आणि त्या रात्री सरकारी मुख्यालयासमोरच्या आवारात विद्यार्थी शिरले. कायद्याचे प्राध्यापक बेनी ताय आणि त्यांच्या सहकाऱ्यांची सेंट्रल हा व्यापारी भाग व्यापण्याची योजना त्यानंतर घाईने सुरू झाली. हा क्रम उलटा लिहू नका. प्राध्यापकांनी आखलेलं आंदोलन विद्यार्थ्यांनी पुढे ओढलं.

मग ७९ दिवस तीन ठिकाणं: अॅडमिरल्टी, कॉजवे बे, माँगकॉक. तिन्ही एका मापाने तोलू नयेत. अॅडमिरल्टी म्हणजे सरकारी कार्यालयांचा भाग. तिथे तंबू, अभ्यासाची टेबलं, कचऱ्याचं वर्गीकरण. माँगकॉकमध्ये मात्र नेथन रोड आणि आर्गाइल स्ट्रीटचा चौक अडला होता. दाट वस्ती, लहान दुकानं, मिनीबस आणि टॅक्सीवाल्यांचा रोजचा रस्ता. सरकारला जाब विचारायला अडवलेला रस्ता प्रत्यक्षात ड्रायव्हरचा निघाला, आणि त्याच्या हातात निवडणूक कायदा बदलण्याचा काहीच अधिकार नव्हता. ठिय्याच्या पद्धतीतला हा मूळ दोष. त्रास ज्याला होतो त्याच्याकडे मागणी मान्य करायची ताकद नसते, आणि ज्याच्याकडे ताकद असते त्याला थांबायला वेळ असतो.

सरकारने नेमकं तेच केलं. २१ ऑक्टोबरला तेव्हाच्या मुख्य सचिव कॅरी लॅम आणि चार अधिकारी विद्यार्थी संघाच्या पाच प्रतिनिधींसमोर बसले, दोन तास, थेट प्रक्षेपणात. मुलं नीट बोलली, पण हातात ठोस काही पडलं नाही. त्याच सुमारास मिनीबस आणि टॅक्सी चालकांच्या बाजूने माँगकॉकसाठी न्यायालयाचे मनाई आदेश आले. त्यामुळे २५ आणि २६ नोव्हेंबरला माँगकॉक मोकळं करताना चित्र "सरकार विरुद्ध विद्यार्थी" असं न राहता "न्यायालयाचा हुकूम विरुद्ध रस्ता अडवणारे" असं झालं. कायद्याच्या राज्याचा अभिमान असलेल्या शहरात मधला माणूस इथे सुटला. ११ डिसेंबरला अॅडमिरल्टी रिकामं झालं, १५ ला कॉजवे बे.

वयाचं म्हणाल तर तरुणांत पाठिंबा खूप जास्त आणि वय वाढेल तसा कमी. पण "तरुण विरुद्ध म्हातारे" असा मथळा देऊ नका. पिवळी फीत लावणारे वडीलधारेही होते आणि पोलिसांच्या बाजूने निळी फीत लावणारे तरुणही. घरातल्या घरात बोलणं बंद झालं, ते याच मिसळणीमुळे.

उत्तर ३: दप्तर_क्र_१२

सह्या आणि सार्वमत याबद्दल.

१८ लाख सह्या हा नमुना नाही, ती मोहीम आहे. टेबल मांडलं, ज्याला वाटलं त्याने सही केली. नाही म्हणायला जागाच नसते. त्याआधी उन्हाळ्यातही त्याच आघाडीने सुमारे १५ लाख सह्या गोळा केल्या होत्या, आणि कोणी सही केली, कंपन्यांनी कर्मचाऱ्यांवर दबाव आणला का, यावर तेव्हाच वाद झाले होते. जूनच्या सार्वमतालाही हाच नियम लावा. त्यात उमेदवार निवडीचे तीन प्रस्ताव होते आणि तिन्हींत नागरिकांना उमेदवार सुचवण्याची तरतूद होती. ज्यांना ती कल्पनाच मान्य नव्हती ते बहुतेक फिरकलेच नाहीत.

पण आकडे फेकून देऊ नका, पाहणीच्या शेजारी ठेवून बघा. हाँगकाँगची लोकसंख्या तेव्हा ७२ लाखांच्या आसपास, त्यात १५ वर्षांवरचे ढोबळमानाने ६४ लाख. नोव्हेंबरचा ४३.५ टक्के विरोध म्हणजे जवळपास २८ लाख माणसं, ३३.९ टक्के पाठिंबा म्हणजे साधारण २२ लाख. म्हणजे विरोधकांनी १८ लाख सह्या जमवणं आणि दुसऱ्यांनी ७ लाख ९० हजार मतं जमवणं, दोन्ही पाहणीच्या चौकटीत बसतं. दोघांमागे खरीच लाखो माणसं होती. एका बाजूचा मोठा आकडा दुसरी बाजू नव्हतीच असं सिद्ध करत नाही.

मेघना_वाचते

हे फार उपयोगी आहे. तिन्ही प्रश्न सुटे करून तक्ता केला, बरंच स्वच्छ दिसतंय. आता २०१९. तिथे मार्ग जास्त आक्रमक होता, तोडफोड झाली, तरी लोक तुटले नाहीत असं वाचते. २०१४ च्या उलट का? आणि २० लाख की ३ लाख ३८ हजार?

उत्तर ४: पूल_आणि_गर्दी

आधी मोर्चा. हे दोन आकडे एकाच गोष्टीचे नाहीत. पोलिसांचा ३ लाख ३८ हजार हा मूळ मार्गावर गर्दी शिखराला असतानाचा आकडा आहे, म्हणजे एका क्षणी उभी असलेली माणसं. आयोजकांचा दावा दिवसभरात आलेल्या सगळ्यांचा आहे. लोक तासन्‌तास येत होते, जात होते, बाजूचे रस्तेही भरले होते.

क्षणाचा आकडा स्वतः तपासता येतो. मार्ग साधारण ३ किलोमीटर धरा, रस्त्याची सरासरी रुंदी २५ मीटर धरा, चौरस मीटरला ४ माणसं धरा (चालत्या मोर्चासाठी ही दाटी जास्तच आहे). ७५ हजार चौरस मीटर गुणिले ४ म्हणजे ३ लाख. पोलिसांचा आकडा या जातीचा आहे. चूक होते ती हा आकडा "एकूण उपस्थिती" म्हणून छापताना.

एकूण आकड्यासाठी हाँगकाँगमध्ये वर्षानुवर्षं वापरली गेलेली पद्धत अशी: मार्गावरच्या पादचारी पुलावरून ठरावीक वेळाने खालून जाणारी माणसं मोजायची, आणि मग वेगळ्या पाहणीतून विचारायचं की तुम्ही त्या पुलाखालून गेलात का, की आधीच बाहेर पडलात किंवा पुढे सामील झालात. त्या प्रमाणाने पुलावरचा आकडा वाढवायचा. दुसरी पायरी गाळली की मोजणी हमखास कमी येते. १ जुलै २०१९ च्या मोर्चाला संशोधकांनी कॅमेरे आणि संगणकीय मोजणी लावली, आकडा आला सुमारे २ लाख ६५ हजार. आयोजक म्हणत होते ५ लाख ५० हजार, पोलिस १ लाख ९० हजार. स्वतंत्र मोजणी पोलिसांच्या जास्त जवळ आली, पण पोलिसांच्या वर. १६ जूनला तशी मोजणी हाताशी नसेल तर दोन्ही दावे त्यांच्या मालकाच्या नावासकट द्या. मधली सरासरी काढू नका, दोन वेगळ्या राशींची सरासरी निरर्थक असते.

उत्तर ५: चौकातला_माणूस

२०१९ मध्ये लोक का तुटले नाहीत यावर.

एक, मागणी सोपी आणि भीती जवळची होती: संशयितांना मुख्य भूमीवरच्या चीनकडे सोपवता येईल असं प्रत्यार्पण विधेयक मागे घ्या. नामनिर्देशन समिती समजवायला अर्धा तास लागतो. "मुख्य भूमीवर खटल्यासाठी पाठवू शकतील" हे प्रत्येकाला एका वाक्यात कळलं, व्यापाऱ्यांनाही.

दोन, ठाणं मांडून बसणं टाळलं. जमायचं, पांगायचं, दुसरीकडे उगवायचं. त्रास शहरभर पातळ पसरला, एकाच चौकातल्या दुकानदारावर महिनोन्‌महिने बसला नाही. विद्यापीठांमधला नोव्हेंबरचा वेढा हा अपवाद.

तीन, शांततेच्या बाजूचे आणि आक्रमक गट यांनी एकमेकांना जाहीरपणे झिडकारायचं नाही असं ठरवलं. २०१४ मध्ये याच मुद्द्यावर आंदोलन आतून पोखरलं होतं. १ जुलैला कायदेमंडळाची इमारत फोडून आत शिरलेल्यांनी एका खांबावर लिहिलं होतं की शांत मोर्चे निरुपयोगी असतात हे तुम्हीच आम्हाला शिकवलं. काचा फोडणं ज्यांना मान्य नव्हतं त्यांच्यापैकीही अनेकांना ते वाक्य खोटं म्हणता आलं नाही. १६ जूनचा अवाढव्य मोर्चा होऊनही विधेयक तेव्हा फक्त स्थगित होतं, अधिकृतपणे मागे घेण्याची घोषणा ४ सप्टेंबरला आली.

चार, पोलिस. २०१४ मध्ये ८७ नळकांड्यांनी शहर हादरलं होतं. २०१९ मध्ये आकडा १६ हजारांच्या घरात गेला. २१ जुलैला युएन लाँग स्थानकात पांढऱ्या शर्टातल्या टोळीने प्रवाशांना मारलं आणि पोलिस उशिरा आले. तिथून "मार्ग" या प्रश्नाचा रोखच बदलला. लोक मुलांच्या हिंसेची तुलना पोलिसांच्या हिंसेशी करू लागले.

याचा अर्थ विरोध विरघळला असा घेऊ नका. पेट्रोल बॉम्ब, मेट्रो स्थानकांची नासधूस, वेगळं मत मांडणाऱ्याला मारहाण, यांनी खूप लोक खरोखर दुखावले. त्यांना सरकारचे हस्तक ठरवणारं टिपण अप्रामाणिक होईल.

उत्तर ६: दप्तर_क्र_१२

त्या विरोधाचा सर्वांत भक्कम पुरावा निवडणुकीतच आहे. २४ नोव्हेंबर २०१९, डिस्ट्रिक्ट काउन्सिल, म्हणजे जिल्हा पातळीवरच्या स्थानिक मंडळांची निवडणूक. मतदान ७१.२ टक्के, सुमारे २९ लाख ४० हजार मतदार. लोकशाहीवादी बाजूला ४५२ पैकी ८५ टक्क्यांहून अधिक जागा आणि १८ पैकी १७ काउन्सिलं. सगळीकडे हाच मथळा झाला. पण मतांचा वाटा होता साधारण ५७ विरुद्ध ४१. एका प्रभागात एकच जागा आणि ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून, या पद्धतीत थोडी सलग आघाडी जागांचा डोंगर उभा करते. टिपणात मतांचा वाटाच द्या. हाँगकाँगच्या थेट निवडणुकांत दोन बाजूंचं प्रमाण तोवर वर्षानुवर्षं ५५-४५ ते ६०-४० च्या पट्ट्यात फिरत आलं होतं. २०१९ चा निकाल त्याच पट्ट्यातला आहे, फक्त मतदान विक्रमी. दोन्ही बाजूंची माणसं घराबाहेर पडली. दहातले चार त्या सगळ्या महिन्यांनंतरही दुसरीकडे होते.

उत्तर ७: नमुना_आणि_नेम

शेवटचा तक्ता जोडा, कारण मागणी आणि मार्ग यांतला फरक तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो. हाँगकाँग पब्लिक ओपिनियन रिसर्च इन्स्टिट्यूटने रॉयटर्ससाठी केलेल्या पाहण्यांत आंदोलनाला पाठिंबा डिसेंबर २०१९ मध्ये ५९ टक्के, ऑगस्ट २०२० मध्ये ४४. नुसतं एवढंच लिहिलं तर लोक फिरले असं वाटेल. पण त्याच ऑगस्टमध्ये पोलिसांच्या वागण्याची स्वतंत्र चौकशी हवी म्हणणारे ७० टक्के आणि सार्वत्रिक मताधिकार हवा म्हणणारे ६३ टक्के होते. आंदोलनाला हो म्हणणारे कमी झाले, मागण्यांना हो म्हणणारे नाही.

मधे ३० जून २०२० ला राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू झाला होता. त्यानंतर फोनवरच्या अनोळखी आवाजाला "हो, माझा आंदोलनाला पाठिंबा आहे" असं सांगणं आणि "चौकशी हवी" असं सांगणं, यांत जोखमीचा फार फरक होता. ४४ मध्ये मत किती बदललं आणि बोलणं किती थांबलं हे वेगळं काढता येत नाही. म्हणून आलेखात जून २०२० पाशी उभी रेघ मारा आणि अलीकडचे-पलीकडचे बिंदू सलग रेषेने जोडू नका. पलीकडच्या प्रत्येक आकड्यापाशी उत्तर न देणाऱ्यांचं प्रमाणही लिहा. ते वाढत असेल तर पाठिंबा-विरोधाच्या टक्केवारीआधी वाचकाला ते दिसलं पाहिजे.